वरचा डेक

आलिशान क्रूझवर सूट घेऊन राहणाऱ्या माणसांबद्दल माझं मत वर्षानुवर्षं एकच होतं आणि ते मी कधी लपवलं नाही. छत्रपती संभाजीनगरच्या एका महाविद्यालयात निवृत्तीपर्यंत मी इतिहास शिकवला. प्रवास करावा तो ठिकाण पाहायला, खोली पाहण्यासाठी घर कशाला सोडायचं, असं मी वर्गात सांगायचे, घरी सांगायचे, नातेवाइकांच्या सहलींचे फोटो पाहतानाही सांगायचे. खोली जितकी भारी तितका माणूस बाहेरच्या जगापासून तुटतो, असं माझं पक्कं म्हणणं. जहाजाच्या बाबतीत त्याला आणखी धार यायची. प्रवासी जहाजांचा इतिहास म्हणजे वरच्या डेकचा आणि खालच्या डेकचा इतिहास. वर आरामखुर्च्या, खाली माणसांची दाटी. त्या वरच्या डेकवर आपण पैसे मोजून जाऊन बसायचं, ही कल्पनाच मला नको वाटायची.

समुद्राचं मला वावडं नव्हतं, उलट ओढच होती. आमचं शहर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे, तरी प्राचीन भारतीय जहाजाचं फार बोलकं चित्र आमच्याच जिल्ह्यात आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात पूर्णाच्या कथेतलं जहाज रंगवलं आहे. तीन डोलकाठ्या, मागे सुकाणूची वल्ही आणि ओळीने मांडलेले रांजण. रांजणांत व्यापाराचा माल असेल असंही म्हणता येतं, पण मी मुलांना तिथे उभं करून पाण्याबद्दल बोलायचे. समुद्रावर निघणाऱ्याला सगळ्यात आधी गोड्या पाण्याची तजवीज करावी लागते, हे आमच्या मुलांना लगेच कळायचं. मग पैठणची गोष्ट निघायची. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणचा माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. सातवाहनांच्या यज्ञश्री सातकर्णीने तर नाण्यावर दोन डोलकाठ्यांचं जहाज कोरलं.

माझ्या मनातलं जहाज हे असं होतं. त्या अजिंठ्याच्या चित्रावरून नौदलासाठी ‘कौंडिण्य’ हे शिडाचं जहाज बांधलं गेलं, फळ्या काथ्याने शिवून. मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं आणि २९ डिसेंबर २०२५ रोजी इंजिनाशिवाय पोरबंदरहून मस्कतकडे निघालं, तेव्हा बातमी वाचताना माझे डोळे भरून आले होते. ऊन, खारा वारा, वाऱ्याच्या मर्जीवर रात्रंदिवस सांभाळायचं शीड. समुद्रप्रवास करावा तर असा, असं मला मनापासून वाटत होतं. आणि त्याच हिवाळ्यात आमच्या घरात क्रूझच्या सूटवरून वाद चालू होता.

विषय सुनेने काढला होता. ती शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करते, मोजकं बोलते आणि ठरवून बोलते. “आई, या हिवाळ्यात आपण सगळे मिळून क्रूझला जाऊ. मोठ्या आजींनाही घेऊन.” मुंबईहून लक्षद्वीप आणि परत. मी नाही म्हणाले. मग तिने सांगितलं की आजींसाठी साधी केबिन घ्यायची नाही, सूट घ्यायचा आहे. तेव्हा मी जरा मोठ्याने नाही म्हणाले. तेवढ्या पैशांत घराचा हौद दुप्पट मोठा करता येईल, हा माझा मुद्दा.

हौदाचा मुद्दा आमच्या गावात किती वजनाचा आहे, हे बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्या शहराला पाणी येतं ते पैठणच्या नाथसागरातून, पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरून. नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, साठवण १०२ टीएमसी. पण गावातल्या कितीतरी वसाहतींत नळाला पाणी आठवड्यातून एकदा, कधी त्याहूनही उशिरा येत आलं आहे. २०२० मध्ये १,६८० कोटींच्या नव्या योजनेची पायाभरणी झाली, पुढे तिचा खर्च २,७४० कोटींवर गेला. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी मिळावं असा सरकारी निकष आहे. आमच्याकडे हिशेब लिटरचा नसतो, दिवसांचा असतो. लग्नाच्या खरेदीपासून दवाखान्याच्या तारखेपर्यंत सगळं पाण्याच्या दिवसाच्या आगेमागे बसवायचं. आणि घर पूर्ण रिकामं कधी सोडायचं नाही. कुणीतरी मागे राहून मोटर लावायची, हौद भरून घ्यायचा, मग गच्चीवरची टाकी.

आमच्या घरात मागे राहणारं माणूस ठरलेलं होतं. सासूबाई. “तुम्ही जा गो, मी आहे पाण्याला,” असं त्या स्वतःच म्हणायच्या. गुडघे गेलेले, वॉकर घेऊन चालणं, उतारवयात हिंडणं नको वाटतं, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. महाबळेश्वर, हंपी, केरळ, सगळीकडे आम्ही जाऊन आलो आणि सासूबाई पाण्याला राहिल्या.

सुनेने वाद घातला नाही. एवढंच विचारलं, “आई, मोठ्या आजींनी समुद्र शेवटचा कधी पाहिला?”

मला सांगता येईना. यांनाही सांगता येईना. सासूबाईंचं माहेर राजापूर तालुक्यातलं, मुसाकाजी बंदराच्या जवळचं. १९६१ साली लग्न होऊन त्या इकडे आल्या. बोटीने मुंबई, तिथून रेल्वेने मनमाड, मनमाडला गाडी बदलून छोट्या रुळांवरच्या गाडीने तेव्हाचं औरंगाबाद. इकडे मोठे रूळ आले ते थेट नव्वदीच्या दशकात. माहेरचं घर भावाभावांत वाटलं गेलं, येणंजाणं तुटलं. इतिहासाची प्राध्यापक असून घरातल्या या बाईला मी तिच्या बोटीबद्दल कधी धड विचारलं नव्हतं.

मग मी जायला कबूल झाले, पण सूटला नाही. आतल्या बाजूची साधी केबिन पुरे, रात्री झोपायलाच तर लागते, असं माझं चालूच होतं. तेव्हा सुनेने जहाजाचे आराखडे दाखवले. साध्या केबिनमध्ये दोन पलंगांमधून वॉकर फिरत नाही. न्हाणीघराचं दार अरुंद आणि उंबरठा उंच. खिडकी नाही. तिथे सासूबाईंना ठेवायचं म्हणजे घरच्या कोपऱ्यातल्या खोलीतून उचलून जहाजाच्या कोपऱ्यातल्या खोलीत नेऊन बसवायचं. सूटमध्ये न्हाणीघर ऐसपैस, बसायला वेगळी जागा आणि बाल्कनी. माझा वाद ऐषारामाशी होता आणि समोर आला होता उंबरठ्याचा प्रश्न. गप्प बसणं भाग होतं. मनातून मात्र पटलं नव्हतं.

शेजाऱ्यांकडे किल्ली आणि मोटरीच्या सूचना देऊन आम्ही गाडीने समृद्धीवरून मुंबई गाठली. बॅलार्ड पियरला आता मोठं क्रूझ टर्मिनल झालं आहे, सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ धक्क्याला लागलेलं होतं. हे जहाज नवं नाही. १९९० साली फ्रान्समधल्या सेंट नाझेरच्या गोदीत बांधलेलं, तेव्हाचं नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’, पुढे ‘एम्प्रेस ऑफ द सीज’. बरीच वर्षं कॅरिबियन समुद्रात फिरून २०२१ मध्ये ते मुंबईत आलं. लांबी दोनशे मीटरच्या वर. धक्क्यावरून वर पाहताना सासूबाईंनी वॉकर थांबवला आणि विचारलं, “पडाव कुठाय?”

पडाव म्हणजे काय, हे मला त्या प्रवासात नीट कळलं. कोकणातल्या बहुतेक बंदरांत बोट किनाऱ्याला लागत नसे. ती लांब, खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या पडावांतून तिच्यापर्यंत न्यायच्या. लाटेने पडाव वर उचलला की त्याच क्षणी बोटीच्या दारात पाय टाकायचा. चुकलं की मधे पाणी. लग्नानंतर सासूबाईंना खलाशाने शालूसकट उचलून आत टाकलं होतं. त्यांच्या आईने काठावर देवाचा धावा मांडला होता, कारण ‘रामदास’ कुणी विसरलं नव्हतं. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. सासूबाई तेव्हा लहान होत्या, पण त्या पावसाळ्यातलं घरातलं रडणं त्यांना आठवतं.

हे सगळं त्यांनी सांगितलं ते सूटच्या बाल्कनीत बसून. पहिल्या रात्री जेवण झाल्यावर त्या आत यायला तयार होईनात. किनारा दिसत नव्हता, दूरवर मासेमारीच्या बोटींचे दिवे तेवढे होते. तरी त्या घड्याळ विचारून मनाशी हिशेब मांडत होत्या. आता जयगड गेलं असेल, आता रत्नागिरी, आता आमचं. खरं तर आमचं जहाज त्यांच्या बोटीपेक्षा बरंच बाहेरून आणि वेगळ्या वेगाने चाललं होतं. मी दुरुस्ती केली नाही.

मग त्यांनी जे सांगितलं त्याने माझं मत हललं. लग्नाच्या त्या प्रवासात त्या खालच्या डेकवर होत्या. सतरंजीवर, ट्रंकांच्या आणि कोंबड्यांच्या खुराड्यांच्या मधोमध. शेजारची बाई सारखी ओकत होती. जिन्याला साखळी लावलेली होती आणि वर खुर्च्यांवर बसलेल्या लोकांचे फक्त बूट दिसत होते. “मला रात्रभर एकच वाटत होतं, वर काय असेल? तिथून समुद्र कसा दिसत असेल? आमच्या जागेवरून नुसता कठड्याचा पत्रा दिसायचा.” एवढं बोलून त्यांनी बाल्कनीच्या कठड्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “असा दिसतो तर.”

मी आयुष्यभर खालच्या डेकवरच्या माणसांच्या बाजूने बोलत आले. त्यांचा अपमान होतो म्हणून वरचा डेक मला नको होता. खालच्या डेकवर प्रत्यक्ष बसलेली बाई माझ्या घरात होती आणि तिचं म्हणणं माझ्यापेक्षा निराळं होतं. तिला वरचा डेक मोडायचा नव्हता. तिला तिथे जाऊन बसायचं होतं, नीट, खुर्चीवर, कुणी हटकणार नाही अशा हक्काने. ही इच्छा साठ वर्षांहून जास्त काळ त्या मनात घेऊन होत्या आणि ती हलकी इच्छा आहे असं मी आता कुणालाही म्हणू देणार नाही. ऐषाराम नको म्हणण्याची मुभा ज्याला तो कधीतरी मिळू शकत होता त्यालाच असते. माझ्या साधेपणाचा मला अभिमान होता. त्या साधेपणाची किंमत घरात पाण्याला बसून दुसऱ्याच बाईने मोजली होती.

दुसरा दिवस सगळा समुद्रातच होता. बाकीची मंडळी मनोरंजनाचे कार्यक्रम, पोहण्याचा तलाव वगैरे करून येत होती, त्यात मला फारसा रस नव्हता. वरच्या मजल्यावरची खोली स्थिर असेल असं मला वाटलं होतं. पण जहाजात जितकं उंच आणि जितकं टोकाकडे जावं तितकं हलणं जास्त. सगळ्यात शांत जागा खाली, मध्यावर. पाण्याखाली दोन्ही अंगांना पंखांसारखी पाती असतात, ती लाटांच्या उलट वळून जहाजाचा तोल धरतात, तरी दुपारी मला गरगरलं. सासूबाईंना काहीच झालं नाही.

त्याच दुपारी नातीने टब काठोकाठ भरला. पाण्याचा आवाज ऐकून मी सवयीने ओरडले, “नळ बंद कर!” ती दचकून म्हणाली, “आजी, इथे रोज येतं.” मला राहवेना. खोलीची व्यवस्था पाहणाऱ्या मुलाला मी विचारलं की एवढं पाणी येतं कुठून. काही पाणी बंदरावर भरून घेतात. बाकीचं समुद्राचंच, इंजिनाच्या उष्णतेवर कमी दाबात उकळून त्याची वाफ पकडायची, किंवा बारीक पडद्यांतून दाबाने गाळून मीठ वेगळं करायचं. दीड-दोन हजार माणसांचं गाव समुद्राच्या मधोमध स्वतःचं गोडं पाणी करतं. अजिंठ्याच्या त्या रांजणांपाशी मी इतक्यांदा उभी राहिले होते, त्यामुळे हे ऐकताना अंगावर काटा आला. आणि लगेच हेही कळलं की ही उष्णता तेल जाळून येते. आमचा टब तेलावर भरला होता. इथे माझं मत बदललेलं नाही. माणशी एवढं इंधन जाळून करायची सहल ही दर हिवाळ्याची गोष्ट असू शकत नाही, असं मी सुनेलाही सांगितलं आणि तिने ते मान्य केलं.

अगत्तीला जहाज बेटापासून दूर उभं राहिलं. लक्षद्वीपच्या ३६ बेटांपैकी दहांवर वस्ती आहे, त्यातलं हे एक. भोवती प्रवाळाचा कडा आणि आत उथळ पाणी, त्यामुळे मोठं जहाज जवळ जाऊ शकत नाही. छोट्या बोटी येतात आणि लोकांना नेतात. सासूबाईंना ते उतरणं शक्य नव्हतं, म्हणून मी त्यांच्याबरोबर थांबले. माझ्या जुन्या मताप्रमाणे हा प्रवास वाया गेला म्हणायचा, कारण बेटावर मी पाऊलही ठेवलं नाही. पण बाल्कनीतून खाली ती छोटी बोट जहाजाला येऊन लागली, लाटेवर वरखाली होऊ लागली, हात धरून माणसं एकेक करून उतरू लागली आणि सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, “हा बघ पडाव!” त्यानंतरचे काही तास मी जे ऐकलं ते कुठल्या पुस्तकात मला मिळालं नव्हतं. पडाववाल्यांच्या हाका, नारळी पौर्णिमेनंतर बोट सुरू व्हायची त्याची वाट पाहणं, मुंबईला गिरणीत असलेल्या भावाने बोटीवर पाठवलेल्या बिस्किटांच्या डब्याचा वास. मी वही काढली आणि लिहून घेतलं. शिकवायचं थांबल्यापासून असं काही मी लिहिलंच नव्हतं. त्या खोलीत शांतता होती, दोन माणसांना निवांत बसायला जागा होती, मधे कुणाला मोटर लावायला उठायचं नव्हतं. घरात हे बोलणं कधीच का झालं नाही याचं उत्तर मला तिथे मिळालं.

खोलीचं पाहणारा तो मुलगा वेंगुर्ल्याकडचा होता. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी त्याचं गाव काढून घेतलं. कोकणात आणि गोव्यात ‘बोटीवर आहे’ म्हटलं की घराघरात कळतं, तसा हा बोटीवरचा मुलगा. महिनोन्‌महिन्यांचा करार, मग घरी, मग पुन्हा करार. सासूबाई त्याला म्हणाल्या, “बस ना रे जरा.” तो हसून म्हणाला, “आजी, पाहुण्यांच्या खोलीत बसायची परवानगी नसते आम्हाला.” त्यावर सासूबाई काही बोलल्या नाहीत. मात्र त्यानंतर तो खोलीत असेपर्यंत त्या वॉकर धरून उभ्या राहायला लागल्या. तो उभा, तर त्याही उभ्या. त्याला फार अवघडल्यासारखं व्हायचं आणि तो भराभर काम उरकायचा. मी त्यांना बसा म्हणाले तर म्हणाल्या, “तू बस.”

मी बसले नाही. मीही उभी राहिले. वर बसण्याचा हक्क आणि खाली असणाऱ्याचं भान, दोन्ही एका माणसात असू शकतात, हे मी कधी गृहीतच धरलं नव्हतं. पण त्या मुलाचं बसणं त्यामुळे सुटलं नाही. पैसे मोजून घेतलेल्या त्या खोलीत एका माणसाला बसायची मनाई होती आणि तिथे राहून मला ती मनाई मान्य करावी लागली. याबद्दल मला अजून बरं वाटत नाही आणि वाटू नये असंही वाटतं.

परत आल्यावर सासूबाईंनी सूटचा आकडा विचारला. मुलगा चाचरत होता, मीच सांगितला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “महाग पडलं. पण बघून झालं.” आमच्या गल्लीत आता कुणी विचारलं की मीही आकडा सांगते, आढेवेढे घेत नाही. पूर्वी असला खर्च करणाऱ्यांकडे मी ज्या नजरेने पाहायचे, तशा नजरा आमच्याकडेही वळतात. वळू देत. म्हातारं माणूस बरोबर असेल तर खोलीवर पैसे खर्च करा, बाकी सगळं कमी करा, असं मी त्यांना स्पष्ट सांगते. आणि घरातल्या कुणाला पाण्याला ठेवून जाऊ नका.

घरच्या फ्रीजवर सुनेने पाण्याच्या दिवसाची पाळी लिहून लावली आहे. माझं नाव आहे, यांचं आहे, मुलाचं, सुनेचं आहे. मोठ्या आजींचं नाही. त्या यावर नाराज आहेत, कारण मोटरीचा आवाज बदलला की पाणी संपत आलं हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही, आणि ते खरंही आहे.

मे महिन्यात आम्ही गाडीने मुसाकाजीला जाणार आहोत. तिकडच्या एका घरगुती राहण्याच्या ठिकाणी मी फोन केला होता. त्या बाई मला समुद्र किती जवळ आहे ते सांगत होत्या. मी आधी न्हाणीघराच्या दाराची रुंदी विचारली.